तिची पिशवी माझ्या कपाटात होती

सात महिने माझ्या कपाटात, ब्लँकेटांच्या खाली, एक निळी कापडी पिशवी होती. माझ्या मैत्रिणीची. ती भेटायला आली की एखादी वस्तू आणायची आणि मी ती आत ठेवून द्यायचे. मुलाचा जन्माचा दाखला, तिची सर्टिफिकेटं, बँकेचं पासबुक, दम्याचा पंप, घराची जास्तीची किल्ली, घडी घालून ठेवलेल्या थोड्या थोड्या नोटा. आणि एक कापडी ससा. मुलगा ज्या सशाला घेऊन झोपायचा तो घरातून गायब झाला असता तर नवऱ्याच्या लगेच लक्षात आलं असतं, म्हणून तिनं तस्साच दुसरा शोधून आणलेला.

पण त्याआधीची दोन वर्षं मी तिच्याशी चुकीचं वागले हे आधी सांगते. नवरा मारतो हे ती सांगायची आणि दर वेळी माझा एकच प्रश्न, "अगं मग तू निघत का नाहीस?" मला वाटायचं मी तिला बळ देतेय. हळूहळू तिनं मला सांगायचंच बंद केलं. म्हणजे नवऱ्यानं तिला बाकी सगळ्यांपासून तोडलंच होतं, आणि उरलेलं एक माणूस, मी, ते माझ्याच प्रश्नानं तुटलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एका हेल्पलाइनला मीच फोन केला (हो, मैत्रिणीसाठी, बहिणीसाठी पण करता येतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं). तिथल्या ताईंनी मला जे सांगितलं त्यानं मी हादरलेच. त्या म्हणाल्या, घर सोडायची वेळ आणि त्यानंतरचे काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात. कारण मारहाण हे रागाचं काम नाहीये, ताब्याचं आहे. तोच माणूस ऑफिसात साहेबावर हात उचलत नाही ना. बाई निघाली की ताबा सुटतो आणि तो परत मिळवायला तो कुठल्याही थराला जाऊ शकतो. म्हणजे मी दोन वर्षं तिला, कसलीही तयारी नसताना, सगळ्यात धोक्याच्या जागी ढकलत होते!

अजून एक विचारलं त्यांनी, "त्यानं कधी गळा दाबलाय का?" दाबला होता. एकदाच, आणि वळ वगैरे काही उठला नाही म्हणून ती पण विसरल्यासारखी झालेली. हे कृपा करून नीट वाचा. गळा दाबला तर काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, बाहेर खूण दिसत नसली तरी आतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि त्यामुळे पक्षाघाताचा झटका काही दिवसांनी पण येऊ शकतो, म्हणून बरं वाटत असलं तरी डॉक्टरांकडे जायचंच आणि गळा दाबला होता हे स्पष्ट सांगायचं. अमेरिकेत २००८ साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं की जिचा आधी गळा दाबला गेलाय तिचा त्याच माणसाच्या हातून खून होण्याचा धोका जवळपास ७ पटींनी वाढतो. ही पुढच्या धोक्याची सूचना असते, नुसती एक थप्पड जास्त असं नाही.

मग तयारी सुरू झाली. हेल्पलाइनचे फोन माझ्या मोबाइलवरून, कारण तिचा मोबाइल नवरा रोज तपासायचा, आणि सगळं डिलीट केलेलं दिसलं असतं तरी संशय आला असता. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये जायचं नाही, बाहेरचं दार जवळ असेल अशा खोलीत राहायचं. मुलाला सांगून ठेवलं की मध्ये पडायचं नाही, शेजारच्या काकूंकडे पळायचं. आमचा एक शब्द ठरलेला, मेसेजमध्ये "शिलाई" आलं की मी काहीही न विचारता पोलिसांना फोन करायचा.

एका मंगळवारी, तो कामावर असताना, ती निघाली. निवारागृहाचा पत्ता मला पण सांगितला नाही, तिथला नियमच तसा असतो आणि तो योग्यच आहे. आत गेल्यावर पहिलं काम फोनचं, लोकेशन बंद, नवऱ्याला माहीत असलेले सगळे पासवर्ड बदलायचे, मुलाच्या टॅबचे सुद्धा.

अशी घरं काही आपोआप उभी राहिली नाहीत. लंडनच्या चिझिक भागात १९७१ मध्ये एरिन पिझी यांनी बायकांना भेटायला, बोलायला म्हणून एक छोटं घर उघडलं आणि मार खाल्लेल्या बायका तिथे राहायलाच यायला लागल्या. आलेलीला परत पाठवायचं नाही हे त्यांचं ठरलेलं. पुढच्या मोठ्या घरात परवानगी ३६ जणांची आणि तपासणीत माणसं निघाली ७५, त्यावरून कोर्टात खेचलं त्यांना. मला तो आकडा वाचून रडूच आलं. कुठे जाणार होत्या उरलेल्या ३९? आज पण कितीतरी ठिकाणी जागा नाही म्हणून परत पाठवतात, कुठे मोठ्या मुलाला घेत नाहीत, मग आई मुलाला सोडून येईल का, ती परत त्याच घरात जाते. पोस्टर आणि भाषणांपेक्षा मला वाटतं खाटा वाढवा, आणि तिथे राहायची मुदत संपल्यावर ती राहणार कुठे, कमावणार काय, ते बघा.

त्या मंगळवारी रात्री अनोळखी नंबरवरून तिचा मेसेज आला, "पोचलो." मी कुठे वगैरे काही विचारलं नाही. थोड्या वेळानं दुसरा आला. "खरा ससा राहिला गं. हा घेतलाय त्यानं, पण वास वेगळा येतो म्हणतोय." मग बराच वेळ काही नाही. आणि मग, "इथे दाराला आतून कडी आहे."