पश्चिमेच्या भिंतीवरची मधुमालती

आमच्या घराची पश्चिमेची भिंत म्हणजे मे महिन्यात तापलेला तवा, पारा ४३ च्या वर गेला की रात्री दहाला पण हात टेकवत नाही. तिथं काहीतरी बारमाही हिरवं हवं होतं आणि वास पण पाहिजे होता. जाई माझी आवडती, पण तिला त्या उन्हात ठेवायला जीव होईना, म्हणून शेजारच्या अक्कांच्या वेलाच्या बुडाला फुटलेलं एक पिल्लू मुळासकट आणलं. मधुमालती. अक्का तेलुगू, त्या राधामनोहरम् म्हणतात, मला तेच नाव जास्त आवडतं.

आमची माती काळी, पाणी धरून बसणारी. दोन फुटाचा खड्डा घेतला, निम्मी माती काढून वाळू आणि जुनं शेणखत घातलं. नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळं भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी तिला, आणि बुडाशी वाळक्या पानांचा जाड थर. पहिला उन्हाळा सांभाळावं लागतं, मग मुळं खाली गेली की ती आपली आपण उभी राहते.

वेल दोन वर्षात गच्चीला लागला, पण फुलं म्हणाल तर चार. मी आपली खत वाढवत गेले आणि पानं अजून माजली. शेवटी अक्काच आल्या, बघून म्हणाल्या, "कापा की ओ, पोरीचे केस कापतो तसं कापा." इतका वाढवलेला वेल कापायचा म्हणजे माझ्या पोटात गोळाच, पण फेब्रुवारीत कमरेएवढा ठेवून बाकी सगळा छाटला. हिला फुलं नव्या फुटव्यावर येतात, जुनं लाकूड नुसतं जागा अडवतं, हे मला तेव्हा कळलं. छाटताना हातमोजे घालाच, पान गळतं पण देठाचं बूड तसंच राहून वाळतं आणि त्याचा काटा होतो, माझं मनगट चांगलंच ओरबाडलं.

आणि एप्रिलपासून बघा! ऊन उतरलं की कळ्या उमलतात, पांढऱ्याशुभ्र, खाली मान घालून. दुसऱ्या दिवशी तीच फुलं गुलाबी, मग लाल, त्यामुळं एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. नवीन पांढऱ्या फुलांचा वास अंधार पडला की खरा सुटतो, गोडसर. काल साडेसातला मी दिवा न लावता उभी होते तर एक मोठा पतंग आला, फुलावर बसलाच नाही, हवेतच थरथरत थांबला आणि ती बोटभर लांब नळी आहे ना फुलाची, त्यात सोंड घालून मध प्यायला. मग पुढचं फूल, मग त्याच्या पुढचं, पण लाल झालेल्यांकडे तो गेलाच नाही.

भिंत आता संध्याकाळी कोमट लागते फक्त.

बुडाला पाच-सहा पिल्लं फुटलीत. ज्यांना हवीत त्यांनी पाऊस सुरू झाला की या, आत्ता या उन्हात काढली तर जगायची नाहीत.