परीक्षेच्या आदल्या संध्याकाळचा फोन

लातूरच्या एका कॉल सेंटरमध्ये मी टीम लीडर आहे. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाची विद्यार्थी हेल्पलाइन आमच्याकडे आहे. पूर्वी हे फोन परीक्षा विभागात वाजायचे आणि बरेचदा नुसते वाजतच राहायचे, म्हणून काम बाहेर दिलं गेलं. आता फोन लगेच उचलला जातो, हे खरं आहे.

हिवाळी परीक्षेच्या आदल्या दिवशी तर हेडसेट काढायलाही फुरसत नसते. हॉल तिकीट निघत नाही, केंद्र बदललंय का, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचा हप्ता कुठं अडकलाय... त्या संध्याकाळी एका मुलीचा फोन आला. आईवडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेले, ही आजीपाशी राहून बी.ए. करते.

"ताई, उद्याचा पेपर हॉल तिकिटावर दिसंनाच. फॉर्म भरलाय, पैसेबी कटलेत."

आमच्या स्क्रीनवर नाव, पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, आणि फी भरल्याची नोंद दिसते. बदलता काहीच येत नाही. नियमाप्रमाणे तक्रार नोंदवायची, क्रमांक द्यायचा, 48 तासांत उत्तर येईल म्हणायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. पेपर सकाळी 10 वाजता होता. मी तो कॉल स्वतःकडे घेतला.

विषय बॅकलॉगचा, म्हणजे आधीच्या परीक्षेत राहिलेला होता. त्याचा फॉर्म वेगळा असतो. विद्यार्थ्यानं तो ऑनलाइन भरला, फी भरली, तरी कॉलेजनं आपल्या लॉगिनमधून तो इनवर्ड केल्याशिवाय, म्हणजे स्वीकारल्याची नोंद केल्याशिवाय, पुढं सरकत नाही. पैसे कटले की काम झालं, असंच कुणालाही वाटणार. त्या मुलीचं काय चुकलं?

कॉलेजच्या परीक्षा विभागातले लिपिक घरी पोचले होते, पण भले माणूस. ते म्हणाले, "मॅडम, मी आत्ता करतो, पण मुदत संपली की लॉगिन बंद होतं. ते विद्यापीठातूनच उघडावं लागतं." करारानुसार आम्हाला विद्यापीठाचा एकच समन्वयक दिलेला, तोही कार्यालयीन वेळेपुरता. शेवटी त्या लिपिकांनीच त्यांच्या ओळखीच्या कक्ष अधिकाऱ्यांचा नंबर दिला. ते अजून टेबलावरच होते, उद्याच्या तयारीत. त्यांनी पीआरएन विचारला, लॉगिन उघडून दिलं. पुढच्या काही मिनिटांत फॉर्म इनवर्ड झाला आणि नवं हॉल तिकीट निघालं. गावातलं नेट कॅफे बंद झालेलं, म्हणून प्रिंट सकाळी कॉलेजातच काढून द्यायचं ठरलं.

मला राग आला तो इथं. ज्यांच्या हातात अधिकार होता ते काम करत बसले होते, मदत करायलाही तयार होते. आमच्यापासून त्यांच्यापर्यंत वाट तेवढी कुणी ठेवली नव्हती. करार लिहिताना फोन किती सेकंदांत उचलला, सरासरी किती वेळ चालला, किती तक्रारी 'बंद' झाल्या, एवढंच मोजायचं ठरलं. तक्रार बंद होण्याला उत्तर पाठवलेलं पुरतं. पेपर देता आला की नाही, याला रकानाच नाही. माझा तो कॉल दुसऱ्या दिवशीच्या अहवालात लाल रंगात आला.

मी कंपनीला आणि विद्यापीठाला सविस्तर लिहिलं: परीक्षाकाळात लॉगिन उघडण्याचा अधिकार असलेला एक माणूस थेट आमच्या लाइनवर हवा, आणि फी भरूनही इनवर्ड न झालेल्या फॉर्मची यादी मुदत संपण्याआधी आम्हाला मिळावी, म्हणजे आम्हीच मुलांना फोन करू. पहिली मागणी मान्य झाली आहे. यादी अजून मिळत नाही.