तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरच्या उन्हात ही पाखरं मरत नाहीत का?

घरी कुणी पण आलं आणि मागच्या अंगणात माझ्या फेझंटच्या पिंजऱ्यापाशी गेलं की पहिला प्रश्न हाच. "काय ओ, ही चीनमधली थंडीतली पाखरं ना, मग आपल्या उन्हात मरत नाहीत का?" मीटर रीडिंगवाला विचारतो, जारचं पाणी टाकणारा पोरगा विचारतो, सासरवाडीचे तर दर लग्नसराईत नव्यानं विचारतात. आता सगळ्यांना मिळून एकदाच सांगतो.

नाही मरत. आठ वर्षं झाली फेझंट पाळतोय, उन्हानं एक पण गेलेला नाही. जेवढे गेले ते घाबरून गेले.

आधी हे आहे काय ते सांगतो, कारण निम्मे लोक त्याला मोराचं पिल्लू समजतात आणि उरलेले फॅन्सी कोंबडी. दोघं अगदीच चूक नाहीत, मोर, कोंबडी, तित्तर, फेझंट सगळे एकाच खानदानातले. पण मोर पाळायचा म्हणजे १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो, आपला रानकोंबडा आणि हिमालयातला मोनाल पण तसाच, हात लावायचा नाही. माझ्याकडे आहेत ते गोल्डन फेझंट, मूळ मध्य चीनच्या डोंगरातले, पण माझे पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. नर बघितला की माणूस गप्पच होतो. डोक्यावर सोनेरी तुरा, पोट लालभडक, मानेभोवती केशरी-काळ्या पट्ट्यांची झालर आणि अंगापेक्षा लांब शेपूट. मादी मात्र मातकट तपकिरी, ती अंड्यांवर बसली की शेजारी उभं राहून पण दिसत नाही.

गंमत म्हणजे पहिल्या वर्षी नर पण जवळजवळ मादीसारखाच तपकिरी असतो, पूर्ण रंग दुसऱ्या वर्षी भरतो. मला हे माहीत नव्हतं. एकानं "जोडी आहे साहेब, एकदम पक्की जोडी" म्हणून दिली, मी आणली, नावं पण ठेवली, आणि पुढच्या वर्षी राजा पण सोनेरी झाला आणि राणी पण सोनेरी झाली. मग दोघांची अशी जुंपली की मधे पत्रा टाकावा लागला.

आता उन्हाचं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४३-४४ डिग्री म्हणजे काय ते मी सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. पक्ष्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकतो, तेवढाच त्याचा कूलर. पण या पक्ष्याचा स्वभावच मुळात सावलीचा आहे, तिकडे डोंगरात पण तो दाट झाडीत, बांबूच्या अंधारात राहतो, मोकळ्यावर फारसा येत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तो काय करतो, तर सकाळी अकराला लिंबाखाली जाऊन बसतो तो पाचपर्यंत हलत नाही, म्हणजे दुपारी आपण जे करतो तेच. मी फक्त पिंजऱ्यावर कडबा टाकतो, पश्चिमेला ओली पोती टांगतो, मातीच्या परळात पाणी दोनदा बदलतो आणि दाणा पहाटे नाहीतर दिवस मावळताना देतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले असते तर मेले असते हे खरं, आमच्या वडिलांचे लूम होते त्या शेडमध्ये दुपारी माणूस उभा राहू शकत नव्हता, म्हणून लूम विकल्यावर शेड रिकामी होती तरी मी पिंजरा बाहेर लिंबाखालीच बांधला.

हां, ऊन एक गोष्ट करतं. रंग उडवतं. पहिल्या वर्षी अर्धा पिंजरा उघडा होता, मे संपेपर्यंत नराचा सोनेरी रंग जुन्या पितळेसारखा झाला. आमची ही म्हणाली, सोलापुरी चादरीचा रंग बघा आणि तुमच्या पाखराचा बघा, कुठला पक्का. पिसं गळून नवी आली तेव्हा रंग परत आला, पण तेव्हापासून वर हिरवी शेडनेट आहे.

भीतीचं सांगतो, कारण त्याबद्दल कुणी विचारतच नाही. कोंबडी घाबरली की ओरडते, पळते, दोन मिनिटात परत दाणे टिपायला लागते. फेझंट तसा नाही. तो आधी पळतो, मग दबून बसतो, आणि अगदीच जवळ काही आलं की सरळ वर उसळतो, रॉकेटसारखा. रानात वर आभाळ असतं. पिंजऱ्यात वर जाळी असते. टाळूची कातडी सोलून निघते, मान मोडते. माझे पहिले दोन असेच गेले, रात्री मांजर नुसतं वरून चालत गेलं, तिनं पंजा पण लावला नव्हता. सकाळी बघितलं तर एक जागीच, दुसरा दुपारी गेला. तेव्हा वरची लोखंडी जाळी तशीच ठेवली आणि तिच्या हातभर खाली नायलॉनचं सैल जाळं ताणलं, डोकं आपटलं तरी झोळीसारखं झेलतं. रात्री झिरोचा बल्ब चालू असतो, म्हणजे दचकून उडाला तरी बसायची दांडी दिसते. शेपूट लांब म्हणून दांडी पण भिंतीपासून लांब. आणि त्यांच्याकडे जाताना मी लांबूनच काहीतरी बोलत जातो, बहुतेक बाजारभाव नाहीतर पाणी कधी सुटणार, शेजारच्या अण्णांना बरीच वर्षं वाटायचं मी फोनवर असतो.

दिवस मोठा व्हायला लागला की नर नाचतो. मादीभोवती पळतो, एकदम तिला आडवा उभा राहतो, तिच्या बाजूची झालर पंख्यासारखी पसरतो की अख्खं तोंड झाकलं जातं, फक्त पिवळा डोळा दिसतो, आणि फुसकारतो. तिला बहुतेक वेळा काही पडलेली नसते. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच. ओरडतो तेव्हा आवाज धातूचा, चक-चक, अगदी मागाच्या धोट्यासारखा. म्हणून आमच्या गल्लीत कुणाची तक्रार नाही, लोकांना वाटतं कुणाचा तरी लूम चालू आहे.

अंडी एक मादी साधारण आठ ते बारा घालते पण पिंजऱ्यात नीट बसेलच याचा भरवसा नाही, म्हणून मी खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीखाली ठेवतो. कोंबडीचे दिवस २१, यांचे २२-२३, ती बिचारी जास्तीचे बसते. फक्त त्या कोंबडीला आधीच जंताचं औषध देऊन घ्यायचं, कारण कोंबड्यांच्या जंतांबरोबर एक लिव्हरचा आजार येतो, कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही पण फेझंटला लोळवतो. याच कारणानं फेझंटची जागा आणि कोंबड्यांची जागा एक नको. पिल्लांना उकडलेलं अंडं कुस्करून, बारीक चिरलेली मेथी, वाळवी मिळाली तर सोन्याहून पिवळं. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाकायच्या, नाहीतर इवल्याशा पाण्यात पण बुडतात. आणि दोन आठवड्यांत उडायला लागतात, खोक्याचं झाकण विसरलात की पंख्यावर.

खायला कसा लागतो, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. इंग्लंडमध्ये याच्या चुलतभावाला पाळून रानात सोडतात आणि १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी शिकार करतात, खातात पण. मला विचारू नका, मी ज्याच्याशी रोज बाजारभाव बोलतो त्याला खात नाही.

तर उन्हाळा आमचा निवांत जातो. जीव टांगणीला असतो तो दिवाळीत, विसर्जनाला डीजे गल्लीत शिरतो तेव्हा, आणि सगळ्यात जास्त गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दारूकामाला, तिथल्या आतषबाजीला. त्या रात्री मी चारी बाजूंनी चादरी सोडतो, रेडिओ मोठा लावतो आणि पिंजऱ्यात स्टूल टाकून बसतो. ऐन सोलापुरात राहून आठ वर्षांत दारूकाम बघितलेलं नाही, फक्त ऐकलंय. गेल्या खेपेला धाकटी पण आली बसायला. पहिला मोठा बार झाला तशी ती दचकून उभी राहिली आणि नायलॉनच्या जाळ्यात तिचं डोकं अडकलं. पाखरं दांडीवर बसून तिच्याकडे बघत होती.