हुमल्याचा जबडा

गेल्या मे महिन्यात आजोळी, कुडाळजवळ, मी चार सकाळी एका आंब्याखाली काढल्या. हवा होता एकच फोटो: हुमल्याचा उघडा जबडा, अगदी समोरून. पानं जोडून घरटं करणाऱ्या या तांबड्या मुंग्या. त्यातली मोठी कामकरीण 8-10 मिलिमीटरची, मग जबडा तो केवढा!

जुनी 50 एमएमची लेन्स रिव्हर्स रिंगवर उलटी बसवली, मागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणारी पोकळ नळी. मुंगी फ्रेमभर दिसायला लागली, पण लेन्सचं छिद्र एफ/11 इतकं बारीक करूनही अर्धा मिलिमीटरही फोकसमध्ये येईना. डोळा स्पष्ट तर जबडा धूसर. आणखी बारीक, एफ/22 केलं तर सगळंच पिठूळ. फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले बरेच फोटो एकात जोडायचे, हे फोकस स्टॅकिंग मेलेल्या मुंगीला ठीक, ही बया थांबतेय कुठे! त्यात फ्लॅशचा पांढरा चट्टा डोक्यावर. ट्रेसिंग पेपर दुहेरी करून फ्लॅशपुढे कमानीसारखा चिकटवला तेव्हा तो गेला.

तरी जवळ गेलो की सगळ्या पोट वर करून अंगावर. मानेला दोन चावे, वर आम्लाची चुरचुर. कपडे वाळत घालता घालता मामी म्हणाली, "तोंडान वारो घालू नको रे, चवताळतले." माझा श्वास! हे एकाही व्हिडिओत ऐकलं नव्हतं.

मग पाठलाग सोडला. फोकस एका जागी बांधला, तोंड मिटलं आणि दोन पानांच्या फटीशी बसून राहिलो. सात-आठजणी मागचे पाय एका पानावर रोवून दुसऱ्याची कड जबड्यात धरून ओढत होत्या. तेवढ्यात एक आली, जबड्यात पांढरी अळी. पानं चिकटवणारं रेशीम या अळीचंच, मोठ्या मुंग्यांना ते काढता येत नाही. अळीचं तोंड या कडेला टेकव, त्या कडेला टेकव, धोटा फिरावा तसं. ज्या जबड्याने माझी मान फोडली त्याच्यात ती मऊ अळी, आणि अंगाला साधी खळीसुद्धा नाही.

सापळ्यासारखा जबडा खटकन मिटणाऱ्या 'ट्रॅप-जॉ' मुंग्यांचा नाद मात्र मी करणार नाही. 2006 च्या अभ्यासात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओडोंटोमॅकस बौरी या अशाच मुंगीचा जबडा सेकंदाला 35 ते 64 मीटर वेगाने मिटताना मोजला गेला. तिथे माझा कॅमेरा खेळणंच.

अडीचशेतले तीन फोटो ठेवले. एकात टोकाचा लांब, वाकडा दात आणि मागची करवत स्वच्छ आलीय. रात्री लॅपटॉपवर मोठं करून दात मोजायला बसलो. आठपर्यंत आलो, पुढचे अळीच्या आड गेलेत.