महाडचा सावित्री पूल आणि पाण्याखालचा पाया

मुंबई-गोवा महामार्गावर महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान सावित्री नदी ओलांडावी लागते. आज तिथे जो रुंद, तीन पदरी पूल दिसतो, तो 5 जून 2017 रोजी वाहतुकीला खुला झाला. त्याच जागी 1928 साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता, आणि 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो पुरात कोसळला. त्या रात्री पुलावरून जाणाऱ्या एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. या दुर्घटनेवर बातम्यांमधून पुष्कळ लिहून आले, परंतु पूल कशावर उभा होता आणि नदीने नेमके कशाला हात घातला असेल, याची चर्चा फारशी झाली नाही. मला तीच बाजू महत्त्वाची वाटते.

प्रथम नदीविषयी सांगितले पाहिजे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री या तिच्याबरोबर उगम पावणाऱ्या मानल्या गेलेल्या नद्या. त्यांपैकी कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेकडच्या उतारावरून लांबच्या प्रवासाला निघतात. सावित्री मात्र पश्चिमेकडे वळून सह्याद्रीच्या कड्यावरून थेट कोकणात उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाबळेश्वरचा पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक असतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हजार मीटरहून जास्त उंचीवर पडलेले हे पाणी थोडक्या अंतरात पायथ्याशी येते, त्यामुळे नदी फुगायला दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. त्यात भरती असेल, तर खाडीकडून पाण्याच्या निचऱ्याला अडथळा येतो आणि महाडच्या परिसरात पाणी तुंबते. असा स्वभाव असलेल्या नदीवर पूल बांधताना उन्हाळ्यातले शांत पात्र पाहून काहीच ठरवता येत नाही.

1928 हे साल मला विशेष लक्षणीय वाटते. त्याच वर्षी मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते समितीने आपला अहवाल सादर केला, आणि देशातील रस्त्यांच्या विकासाकडे राष्ट्रीय पातळीवरचा प्रश्न म्हणून पाहण्यास सुरुवात झाली. पूल आणि रस्ते यांची मानके ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस त्या समितीच्या शिफारशींतून पुढे 1934 साली स्थापन झाली. म्हणजे सावित्रीवरचा पूल बांधला गेला, तेव्हा भारतातील रस्त्यांवरच्या पुलांसाठी देशभर लागू असे एकच मानक अस्तित्वात नव्हते. पूरप्रवाहामुळे नदीचा तळ किती खोल खणला जाईल याचा अंदाज देणारे जेराल्ड लेसी यांचे सूत्र, ज्याच्या आधारे आजही आपल्याकडे पुलांच्या पायाची खोली काढली जाते, तेही 1930 सालचे, म्हणजे पुलानंतरचे. त्या काळच्या अभियंत्यांनी जे केले ते अनुभवाच्या, स्थानिक माहितीच्या आणि सढळ हाताने वापरलेल्या दगडाच्या बळावर केले, आणि त्यांचे काम 88 पावसाळे टिकले. बैलगाड्या आणि मोजक्या मोटारी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या त्या पुलावरून पुढे राष्ट्रीय महामार्गाची अवजड वाहतूक गेली, आणि दगडी कमानींनी ती पेलली, हे मान्य केलेच पाहिजे.

दगडी कमान भार कसा पेलते, हे समजले की तिचे बळ आणि तिची दुखरी जागा दोन्ही कळतात. दगड दाब उत्तम सहन करतो, ताण, म्हणजे ओढ, मात्र त्याला जवळजवळ सहन होत नाही, आणि दगडांमधल्या सांध्यांना तर मुळीच नाही. म्हणून कमानीचा आकार असा ठेवतात की वरचे सगळे वजन एका दगडावरून दुसऱ्या दगडावर दाबाच्याच रूपाने सरकत खाली जावे. वरून जितके वजन येईल तितके दगड एकमेकांना अधिक घट्ट धरतात, आणि त्यामुळेच जुन्या कमानी मूळ अपेक्षेपेक्षा कितीतरी जड वाहने सहन करू शकतात. परंतु कमान आपल्या टोकांना केवळ खाली दाबत नाही, ती त्यांना बाहेरच्या बाजूलाही रेटते. काठावर हा रेटा जमीन घेते. मधल्या खांबांवर दोन्ही बाजूंच्या कमानींचे रेटे समोरासमोर येऊन एकमेकांना तोलून धरतात. एखादा खांब थोडासा खचला किंवा कलला, तर त्याच्यावर टेकलेल्या दोन्ही कमानींचा आकार बिघडतो, दाब ज्या वाटेने खाली उतरतो ती रेषा दगडांच्या बाहेर जाते, आणि कमान पडते. ती पडताच शेजारच्या खांबावरचा एका बाजूचा रेटा नाहीसा होतो आणि दुसऱ्या बाजूचा रेटा त्याला ढकलू लागतो. कमानींच्या पुलाचा मोठा भाग काही क्षणांत जाऊ शकतो, त्याचे कारण हे आहे. लांब पुलांमध्ये म्हणूनच काही कमानींनंतर एक जाड, एकतर्फी रेटा एकट्याने सहन करू शकणारा खांब देण्याची पद्धत होती.

थोडक्यात, अशा पुलाचे सगळे आयुष्य खांब हलणार नाही या एका गोष्टीवर अवलंबून असते, आणि खांबाला हलवण्याची ताकद वरच्या वाहनांपेक्षा खालच्या पाण्यात अधिक असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार वाहत्या पाण्याचा खांबावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. खांबाच्या आकाराचाही मोठा परिणाम असतो. चौकोनी तोंडाच्या खांबासाठी धरायचा गुणांक 1.5 आहे, तर गोलाकार तोंडाच्या खांबासाठी तो 0.66 आहे. जुन्या दगडी पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूला निमुळते किंवा गोलसर नाक दिलेले दिसते, ते याच कारणासाठी.

मात्र पाण्याचा थेट धक्का हा त्यातला लहान धोका आहे. मोठा धोका तळाशी असतो. प्रवाह खांबावर आदळला की त्याचा काही भाग खाली वळतो, तळाशी भोवरे तयार होतात आणि ते खांबाच्या पायाभोवतीची वाळू, गोटे, माती उचलून नेतात. अभियंते याला ‘स्कावर’ म्हणतात. लेसींच्या पद्धतीने पुरात तळ सरासरी किती खोल जाईल हे काढल्यावर खांबांसाठी ती खोली दुप्पट धरावी, असे आपले मानक सांगते. हे सूत्र मुळात गाळाच्या तळाचे असल्यामुळे सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या नद्यांना ते लावताना अभियंत्याला स्वतःचा विवेक वापरावा लागतो. सगळ्यात फसवी बाब अशी की पूर ओसरताना वाहून आलेला गाळ तोच खड्डा पुन्हा भरून टाकतो. उन्हाळ्यात पात्र कोरडे असताना पाहणाऱ्याला खांबाच्या बुडाशी सपाट वाळू दिसते. त्या वाळूखाली मागच्या पावसाळ्यात किती पोकळी झाली होती, हे नुसत्या नजरेला कळत नाही.

दुर्घटनेनंतर राज्य सरकारने सांगितले की त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस सुरक्षित असल्याचे आढळले होते. महाबळेश्वरच्या मुसळधार पावसाने आलेल्या पुराचा प्रचंड दाब हे कोसळण्याचे प्राथमिक कारण देण्यात आले. ही दोन्ही विधाने खरी मानली, तरी त्यांच्यातून एकच प्रश्न उभा राहतो: मे महिन्यात नेमके काय पाहिले गेले? कठडे, कमानींचे दगड, सांध्यांतून उगवलेली झाडे या गोष्टी वरून दिसतात. पाया दिसत नाही. आणि पूर पायावर काम करतो.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरचा महामार्गाचा पूल 5 एप्रिल 1987 रोजी पुरात कोसळला आणि 10 माणसे मृत्युमुखी पडली. तो 1954 सालचा, म्हणजे तुलनेने तरुण पूल होता. त्याचा पाया उथळ होता, आणि पायाभोवती संरक्षणासाठी टाकलेले मोठे दगड पुरांनी हळूहळू हलवले होते. त्यानंतर तिथे पुलांच्या पाण्याखालील भागाची नियमित तपासणी बंधनकारक झाली. पोर्तुगालमध्ये दोरो नदीवरचा एकोणिसाव्या शतकातला हिंत्से रिबेरू पूल 4 मार्च 2001 च्या रात्री खांब खचून पडला आणि एका बससह 59 जणांना घेऊन गेला. तिथे वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने नदीचा तळ खाली गेला होता. जुना पूल, रात्रीची वेळ, पुराचे पाणी आणि प्रवाशांनी भरलेली बस: हे वर्णन वाचताना मला महाड आठवल्यावाचून राहिले नाही.

महाडच्या शोधकार्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि तटरक्षक दल उतरले होते. गढूळ पाण्यात आणि जोरदार प्रवाहात, मगरींचा वावर असलेल्या नदीत, पाणबुड्यांना काम करावे लागले. सुमारे 300 किलोचे लोहचुंबक क्रेनला बांधून पात्रात वाहने शोधली गेली. काही मृतदेह खाडी ओलांडून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून गेले होते. शेजारीच उभा असलेला नंतरच्या काळातला पूल त्या पुरात टिकला, आणि त्यावरून वाहतूक पुढे चालू ठेवता आली.

नव्या पुलाचे काम ठरलेल्या 180 दिवसांऐवजी 165 दिवसांत पूर्ण झाले. लांबी 239 मीटर, रुंदी 16 मीटर, आणि खर्च 35.77 कोटी रुपये. या वेगाचे मनापासून कौतुक केले पाहिजे, कारण पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी पूल उभा राहणे कोकणासाठी आवश्यक होते.

त्याच 2016 साली ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने पुलांची राष्ट्रीय नोंदवही म्हणता येईल अशी व्यवस्था सुरू केली. देशातील लाखाहून अधिक पूल आणि मोऱ्या यांना ओळख क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि 0 ते 9 या मापावर स्थितीचा दर्जा देण्याची तिची योजना होती. ही व्यवस्था उपयुक्त आहे यात शंका नाही. त्या नोंदीत दगडी पुलांसाठी आणखी एक रकाना ठळकपणे असावा असे मला वाटते: प्रत्येक खांबाजवळील तळाची पातळी, पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची, आणि शक्य तिथे प्रत्यक्ष पुरात प्रतिध्वनी-मापकाने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राने, घेतलेलीही. हे मोजमाप फार खर्चिक नाही, आणि कोणत्या वर्षी कोणता खांब उघडा पडू लागला हे त्यावरून पूल वेळीच बंद करता येईल इतके आधी समजू शकते. ज्या गावांची ये-जा अशा पुलावरून होते, त्यांना ही आकडेवारी ग्रामपंचायतीतच पाहायला मिळाली पाहिजे.