आमची वाटचाल : फणसाच्या चौकटीपासून डोमलपर्यंत

वडील सुतार. फणसाची चौकट, सागाच्या झडपा, मध्ये उभे गज, एवढीच खिडकी त्यांना मान्य. मी चिपळुणात ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं, पाऊण इंची सेक्शनचं (म्हणजे बारीक पट्ट्यांचं) काम धरलं तेव्हा ते चार दिवस बोलले नाहीत. भांडवल मामेभावाचं, हात माझे. पहिलं मशीन म्हणजे जुना, दहा इंची पानाचा कटर. पाऊण इंचीत सगळं काटकोनातच कापायचं. त्याचा पंचेचाळीस अंशांचा खटका कशाला असतो ते डोमल, म्हणजे कोपरे तिरके कापून जोडायचं जाड सेक्शन, आल्यावर कळलं.

पुढची बारा वर्षं कामात गेली.

22 जुलै 2021. वाशिष्ठी नदी शिरली ती शॉपच्या माळ्यापर्यंत. ॲल्युमिनियमला पाण्याचं काही नाही, चिखल धुतला की झालं. पण कटरची मोटर जळाली, वूल पाइलची (सरकत्या झडपांच्या फटीत बसवायच्या केसाळ पट्टीची) रिळं गाळाने बाद झाली आणि उभ्या लावलेल्या काचांमध्ये गाळ बसून त्या एकमेकींना अशा चिकटल्या की सोडवताना निम्म्या फुटल्या. मामेभावाने हिशोब मागितला. त्याचंही चुकलं नाही म्हणा.

चुकलं ते दुसऱ्याचं. पूर ओसरून आठवडा नाही झाला, तर आमच्याच रस्त्याला एकाने 'पूरग्रस्तांना खास सवलत' असा बोर्ड लावला आणि माझी अकरा गिऱ्हाइकं नेली. मी कुणाचाही ॲडव्हान्स बुडवला नाही, बायकोची पाटली मोडून परत केला. पुढच्या पावसात त्याच अकरांपैकी सात जणांचे फोन आले, ट्रॅक भरून पाणी हॉलमध्ये येतंय. बघतो तर खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने ड्रेनची भोकंच नाहीत! ड्रिल घेऊन गेलो, भोकं मारून दिली, एक पैसा घेतला नाही. हे कुणी बोलत नाही.

सावर्ड्याच्या बाई तेवढ्या राहिल्या. निवृत्त शिक्षिका. चिखल तुडवत शॉपवर आल्या आणि घराच्या सगळ्या खिडक्यांचे पैसे आधीच मोजले. नवा कटर त्यातूनच आला. त्यांची अट एकच होती, पश्चिमेला स्लायडिंग नको.

बरोबरच होतं त्यांचं. दोन ट्रॅकची स्लायडिंग कितीही मोठी घ्या, उघडते निम्मीच. पावसाच्या तोंडाला बाहेर उघडणारी झडप घ्यावी. वारा तिला उलट चौकटीवरच दाबतो. मात्र ग्रील आतून घ्यावी लागते आणि वर छज्जा हवाच. गॅलरीकडे स्लायडिंग चालेल, न्हाणीला लूव्हर, म्हणजे आडव्या तिरक्या काचपट्ट्यांची खिडकी. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची चौकट) घेणार असाल तर आत लोखंडी पट्टी आहे का ते कापलेल्या तुकड्यात बघा, कॅटलॉगात नाही.

त्या बोर्डवाल्याने दोन वर्षांत दुकान गुंडाळलं. त्याच्या खिडक्यांची बेअरिंगं बदलायला लोक माझ्याकडेच येतात. त्याचे मात्र पैसे घेतो.