ब्लाउज नसलेल्या चौदा साड्या

२०२३च्या डिसेंबरात लेकीच्या क्लासची फी भरायची होती आणि माझ्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. नवऱ्याने भरले, त्या दिवसापुरता प्रश्न मिटला, पण मला रात्री झोप लागली नाही. घराचा हप्ता तो भरतो, किराणा दोघांत होतो, पगार दर महिन्याला वेळेवर येतो. मग माझे पैसे जातात कुठे? दुसऱ्या दिवशी रविवार होता. बँकेच्या नोंदी, यूपीआयचा इतिहास आणि खरेदीच्या अ‍ॅपवरच्या जुन्या ऑर्डरी समोर घेऊन बसले आणि वहीत बेरीज केली. वर्षभरात नुसत्या माझ्या कपड्यांवर ६१,३४० रुपये. माझा पगार तेव्हा ३८,००० होता.

मोठी म्हणावी अशी खरेदी त्यात एकही नव्हती. ४९९चा कुर्ता, ७९९ची साडी, ३४९चं लेगिंग. पुण्यात तुळशीबागेत लेकीच्या क्लिपा घ्यायला गेले आणि येताना दोन ओढण्या घेऊन आले, असं. ऑर्डरींची वेळ पाहिली तर बहुतेक सगळ्या रात्री साडेदहा ते साडेअकराच्या मधल्या. ओटा आवरून, दूध विरजून, उद्याचे डबे काढून ठेवून मी पलंगावर पडते ती हीच वेळ. दिवसभरात माझा असा तेवढाच तास, आणि तो मी कपडे बघण्यात घालवत होते. आवडलं नाही तर परत करता येतं म्हणून मागवायचं, पार्सल कपाटावर पडून राहायचं, आणि परत करायची मुदत कधी उलटली ते कळायचंही नाही.

मला कपड्यांची मनापासून आवड आहे आणि ती मला सोडायची नव्हती, हे आधीच सांगते. ऑफिसला नीट, नेटकं, स्वतःला शोभेल असं आवरून जायला मला आवडतं. माझी आई साध्या सुती साडीत शाळेत शिकवायला जायची, पण तिच्या निऱ्या कधी विस्कटलेल्या पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे ‘चार ड्रेसमध्ये वर्ष काढा’ छापाचे सल्ले मला पटत नव्हते. कमी पैशात, पण छान राहायचं होतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी कपाट रिकामं केलं. दिवाण, दोन खुर्च्या आणि खाली अंथरलेली सतरंजी, सगळं भरलं. कुर्ते ४७. साड्या ३८. ओढण्या २२, त्यातल्या पाच कोणत्या ड्रेसवरच्या हेही आठवेना. अकरा कुर्त्यांना अजून किमतीचं लेबल लटकत होतं. लेकीने वहीची पानं फाडून चिठ्ठ्या करून दिल्या आणि जो कपडा मी सहा महिन्यांत घातला नव्हता, त्याच्यावर ‘का घातला नाही’ ते लिहून ठेवायचं ठरवलं. मोजणी महत्त्वाची असेल असं मला वाटलं होतं, पण माझं वर्ष बदललं ते या चिठ्ठ्यांनी.

कारण ‘आवडत नाही’ अशा चिठ्ठ्या फक्त नऊ निघाल्या. बाकीच्यांवर काय होतं? ब्लाउज नाही. ब्लाउज दंडात घट्ट. फॉल लावलेला नाही. काखेत उसवलंय. खाली घालायला पँट नाही. परकर मॅचिंग नाही. उंची चार बोटं जास्त. पहिल्या धुण्यात आटला. एका गुलाबी चंदेरी कुर्त्यावर लिहिलं होतं, ‘बटण तुटलंय’. एका बटणासाठी तो कुर्ता दीड वर्ष पडून होता, आणि त्याच दीड वर्षात मी दुसरे दोन गुलाबी कुर्ते घेतले होते. अडतीस साड्यांपैकी चौदा साड्यांना ब्लाउजच नव्हतं, किंवा होतं ते आता अंगाला येत नव्हतं.

म्हणजे सकाळी कपाट उघडून ‘घालायला काही नाही’ म्हणायचे ते खरंच होतं. कपडे भरपूर होते, पण घालण्याजोगे, तयार, इस्त्री केलेले थोडे होते, आणि मी दर वेळी त्यावर उपाय म्हणून आणखी एक न घालण्याजोगा कपडा विकत आणत होते.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर एका इमारतीच्या जिन्याखाली टेलरकाकांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक टेबल आणि भिंतीला अडकवलेले कपडे. मी तिथून रोज जायचे, पण कधी थांबले नव्हते. पहिल्या खेपेला सहा कपडे नेले. काकांनी एकेक कुर्ता उलटा केला, शिवणीत बोट घालून बघितलं आणि दोन ढिगारे केले. “ताई, ह्यांना आत दाब आहे, सोडून देतो. ह्या दोघांना दाबच नाही, कंपनीने कापड वाचवलंय. काखेत जोड द्यावा लागेल.” तेव्हापासून रेडिमेड घेताना मी आधी कपडा उलटा करते. आत शिवणीबाहेर निदान अर्धा इंच कापड सोडलेलं असेल तर तो कपडा दोन वर्षांनी सैल करता येतो. नसेल तर अंग बदललं की कपडा बाद. किंमत आणि रंग त्यानंतर.

त्या सहा कपड्यांचे ४२० रुपये झाले. एका नव्या कुर्त्याच्या पैशात सहा कुर्ते मिळाले, आणि ते सहाही मीच कधीतरी आवडीने निवडलेले होते.

मग महिन्याला दीड हजार रुपये एका पाकिटात वेगळे ठेवायला लागले. नवे कपडे, शिलाई, फॉल-बिडिंग, रफू, ड्रायक्लीनिंग, सगळं त्यातूनच. शिलाईचे पैसे वेगळे धरले असते तर मी नव्या कपड्यांवर पूर्वीसारखाच खर्च केला असता, हे मला माझ्या स्वभावावरून माहीत आहे. फोनवरची खरेदीची अ‍ॅपं काढून टाकली. रात्रीचा तो तास मात्र मोकळा राहिला आणि पहिले पंधरा दिवस मला अक्षरशः अस्वस्थ व्हायला होत असे. हात आपोआप फोनकडे जायचा. शेवटी त्या वेळात दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवायला लागले. कुर्ता, ओढणी, कानातलं, सगळं खुर्चीवर मांडायचं. कपडे बघायचा, रंग जुळवायचा आनंद तोच होता. फक्त कपडे माझेच होते.

काही घ्यावंसं वाटलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेत तारखेसकट लिहायचं आणि एक महिना थांबायचं, असंही ठेवलं. वर्षात एकोणीस गोष्टी लिहिल्या. घेतल्या तीन. बाकीच्या सोळांपैकी बहुतेक महिन्याने वाचल्या तेव्हा त्या मी का लिहिल्या होत्या तेच आठवेना.

आईची एक इरकल माझ्याकडे होती. हिरवी, लाल टोपपदराची. अंगाचं सूत घडीवर दोन ठिकाणी विरलं होतं, पण पदराचं रेशीम अजून लखलखीत. नेसता येत नव्हती आणि टाकवत नव्हती, म्हणून वीस वर्षं नुसती एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरत होती. मी ती काकांसमोर उलगडली तेव्हा त्यांनी लगेच कात्री उचलली नाही. खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरली, कुठे कुठे कापड झिरझिरीत झालंय ते खडूने खुणावलं आणि म्हणाले, “पदराचं रेशीम कापलं की सुटतं ताई. आधी आतून मलमल लावतो, मग कापतो. आणि ब्लाउज एकच होईल, लांब हाताचा मागू नका.” अंगाच्या चांगल्या भागातून कुर्ता झाला, काठ बाह्यांना आणि घेराला लागले. पदराचं ब्लाउज झालं. ते लाल ब्लाउज मी आज पाच साड्यांवर घालते. उरलेला विरलेला तुकडा गोधडीसाठी ठेवलाय. आई असती तर तिने तो बोहारणीला दिला नसता, एवढं नक्की.

तिथून मला कापडाची गोडी लागली. रविवार पेठेत कापडगंजात मीटरने कापड घ्यायला जाऊ लागले. माझ्या मापाच्या कुर्त्याला अडीच मीटर लागतं, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असेल तर जास्त. खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून खणाचा अख्खा कुर्ता शिवायचा हट्ट सोडला आणि साध्या काळ्या सुती कापडाला नुसती खणाची योकपट्टी लावून घेतली. तीन ओढण्यांचे रंग उडाले होते, त्या रंगाऱ्याकडे दिल्या. सुती होत्या त्या दोन सुंदर रंगल्या, तिसऱ्या पॉलिएस्टरने रंग धरलाच नाही. पॉलिएस्टरला साधा रंग चढत नाही, हे मला तेव्हा समजलं.

जुलैत मात्र घसरले. लक्ष्मी रोडला आषाढ सेल लागले होते, मैत्रिणीबरोबर नुसती ‘बघायला’ गेले आणि एकावर एक फुकट म्हणून दोन सुती साड्या घेऊन आले, २,२०० रुपयांना. पाकिटात नऊशे होते, बाकीचे खात्यातून गेले. घरी येऊन फॉल, बिडिंग आणि दोन ब्लाउजची अस्तरासकट शिलाई यांचा हिशेब मांडला तर आणखी दीड हजार निघाले. साडीवर लिहिलेली किंमत ही कधीच साडीची पूर्ण किंमत नसते. नेसण्याजोगी होईपर्यंतचा खर्च त्यात धरायला हवा. त्यातली एक साडी मी जावेला तिच्या वाढदिवसाला दिली, दुसरीचे पैसे पुढच्या दोन महिन्यांच्या पाकिटातून वळते केले. त्या दोन महिन्यांत काहीही घेतलं नाही आणि अडलंही नाही.

खरी धास्ती नवरात्राची होती. आमच्या ऑफिसात नऊ दिवस नऊ रंग सगळ्या जणी पाळतात, रोज फोटो निघतो. ही पद्धत वर्तमानपत्रामुळे रुळली, रंग बरेचसे वारांवरून ठरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एकटीच वेगळ्या रंगात उभं राहणं जिवावर येतं. मला त्यात सामील व्हायला आवडतं आणि ते मी का सोडू? दर वर्षी मी दोन-तीन रंग नव्याने घ्यायचे. २०२४ला घटस्थापना ३ ऑक्टोबरला, गुरुवारी होती, म्हणजे पहिला दिवस पिवळा. सप्टेंबरातच बसून नऊ रंग कपाटातून काढले. आठ निघाले. राखाडी एकही नाही. राखाडी शनिवारी येतो, आमचं ऑफिस अर्धा दिवस असतं, सुट्टी टाकावी असंही वाटून गेलं. मग सासूबाईंनी त्यांची एक जुनी सुती साडी काढून दिली, काळ्या-पांढऱ्या अगदी बारीक चौकटीची. म्हणाल्या, “ही हातात धरून बघू नकोस, लांबून बघ.” मी ती गॅलरीच्या दांडीवर टाकली आणि दारापर्यंत मागे आले. चौकटी दिसेनाशा झाल्या आणि साडी सरळ राखाडी दिसायला लागली. वर आईच्या इरकलीचं लाल ब्लाउज घातलं.

कपडे कमी घ्यायचे तर आहेत ते टिकवावे लागतात, आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत. गडद कपडे उलटे करून सावलीत वाळत घालते. रेशमी साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून जुन्या मलमलीत गुंडाळल्या आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घालते, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. पावसाळ्यात कपाटात दमट कपडा एकही जाऊ द्यायचा नाही. जे देऊन टाकायचं होतं त्यातलं धड कामवाल्या मावशींना आणि ओळखीच्या दोघींना विचारून दिलं, बाकीचं ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने जुन्या वस्तू गोळा करायचा दिवस ठेवला होता तेव्हा दिलं.

वर्षअखेरीला बेरीज १७,८६० झाली. त्यातले निम्म्याहून जास्त शिलाईचे. चौदापैकी अकरा साड्या आता नेसता येतात.

एक गोष्ट माझ्या हातात नव्हती. माझ्या अडतीस साड्यांपैकी निम्म्या मी घेतलेल्याच नव्हत्या. त्या आहेराच्या. लग्न, मुंज, डोहाळजेवण, वास्तुशांत, जिथे जावं तिथे साडी मिळते, देणारीला निवडायला वेळ नसतो, घेणारीला नेसायची नसते, आणि तीच साडी पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाच्या ओटीत जाते. ‘आहेर नको’ म्हणणं सोपं नाही. देणाऱ्याचं मन मोडतं, आणि मानपानाच्या गोष्टीत तर जास्तच. मी बाहेर कुठे बोलले नाही, पण नंतर फेब्रुवारीत धाकट्या नणंदेच्या मुलाची मुंज ठरली तेव्हा तिला फोन करून सांगितलं, की माझ्यासाठी साडी घेऊ नकोस, रागावू मात्र नकोस.

ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “वहिनी, असं कसं? तुला रिकाम्या हाताने कशी पाठवू? साडी नको तर काय घेऊ, ते तरी सांग.”

मी कपाट उघडलं. तीन साड्या अजून चिठ्ठ्यांसकट बाजूला होत्या. “माझी ती मोरपंखी आहे ना, तुझ्याच लग्नातली,” मी म्हटलं, “तिला ब्लाउज शिवून दे.”